पंधरा घरं आणि चार संन्यासी

मासुंदा तलावाच्या काठचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च ठाणेकरांच्या पाहण्यातलं आहे. त्याच्यावरून बोलणं निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. इथले ख्रिस्ती पोर्तुगिजांनीच केलेले ना, हा पहिला. दुसरा जरा आवाज उतरवून विचारला जातो: ठाण्यात ख्रिस्ती लोकांना ठार मारलं होतं म्हणतात, ते कोणी आणि कशासाठी? पहिल्याचं उत्तर ‘बरेचसे हो, सगळे नाही’ असं आहे. ते आधी समजून घ्यावं लागतं, कारण ज्या चार माणसांना ठाण्यात मारलं गेलं ती १३२१ साली मारली गेली. वास्को द गामा कालिकतला उतरायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होती.

१. पोर्तुगिजांच्या आधी

साधारण ५५० साली अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या माणसाने एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी गोल नसून सपाट आहे आणि सगळं विश्व पेटीच्या आकाराचं आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं. ते सोडून देऊ. पण कॉस्मसचं तरुणपण व्यापारात आणि समुद्रावर गेलं होतं, आणि बंदरांबद्दल तो लिहितो तेव्हा त्याचं म्हणणं कान देऊन ऐकावं लागतं. मिरी पिकते त्या ‘माले’ देशात, म्हणजे मलबारात, चर्च आहे, असं तो सांगतो. पुढे म्हणतो की ‘कल्लियाना’ नावाच्या दुसऱ्या ठिकाणी तर बिशपही आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. याच कल्लियानातून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं, असंही त्याने नोंदवलं आहे.

हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. ते केरळातलं कोल्लम असावं असं म्हणणारेही आहेत. मला कल्याणचं पारडं जड वाटतं, कारण कॉस्मसने मलबारचा उल्लेख वेगळा करून मग कल्लियानाचं नाव घेतलं आहे. शिवाय उल्हास नदीच्या खाडीवरचं कल्याण हे त्या काळी नावाजलेलं बंदर होतं. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, त्यांची नावं तिथल्या भिंतींवर कोरलेली आहेत. आज लोकल पकडायच्या घाईत पत्री पूल ओलांडणाऱ्या माणसाला इथे इराणी बिशप राहत असेल हे खरं वाटायचं नाही. पण जिथे गलबतं येतात तिथे माल उतरतो, माणसं उतरतात, आणि त्यांचे देवही उतरतात.

२. बिशप इराणातून का?

हा प्रश्न सुटला की ‘धर्मछळ’ कसा सुरू होतो याची एक किल्ली हाती येते.

चौथ्या शतकात इराणवर ससानी राजे राज्य करत. राजधर्म जरथुष्ट्री होता आणि ख्रिस्ती तिथे अल्पसंख्य होते. शेजारच्या रोमन साम्राज्यात जोवर ख्रिस्ती लोकांचाच छळ चालू होता, तोवर इराणच्या राजाला आपल्या ख्रिस्ती प्रजेची फिकीर नव्हती. ३१३ साली रोमच्या सम्राटाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि पुढे स्वतःच त्या धर्माकडे वळला. आता इराणचा राजा दुसरा शापूर याला वाटू लागलं की आपल्या घरातले ख्रिस्ती हे शत्रूचे लोक आहेत. रोमशी युद्ध पेटलं तेव्हा त्याने ख्रिस्ती प्रजेवर दुप्पट कर लादला आणि तो वसूल करायचं काम त्यांच्याच मुख्य बिशपवर, शिमोन बार सब्बाए यांच्यावर टाकलं. बिशपने नकार दिला. त्यांना ठार मारण्यात आलं आणि ३७९ साली शापूर मरेपर्यंत कत्तली अधूनमधून चालू राहिल्या.

श्रद्धा तीच, प्रार्थना तीच. बदललं ते सीमेपलीकडचं राजकारण. एखाद्या समाजाकडे ‘बाहेरच्या सत्तेची माणसं’ म्हणून बघायला सुरुवात झाली की छळाला निमित्त पुरतं. इराणी ख्रिस्ती हा धडा शिकले. ४२४ साली त्यांच्या धर्मसभेने जाहीर केलं की आमचा प्रमुख आमचाच, पश्चिमेकडच्या कोणाचा आमच्यावर अधिकार नाही. पुढे ४३१ साली येशूतला देव आणि येशूतला माणूस यांचं नातं नेमकं कसं समजायचं, यावरून रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती धर्मसभेने नेस्टोरियस नावाच्या धर्मगुरूला बहिष्कृत केलं. इराणचं चर्च त्याच्या मताच्या जवळचं मानलं गेलं, म्हणून पश्चिमेकडचे लोक या ख्रिस्त्यांना नेस्टोरियन म्हणू लागले. आपल्या किनाऱ्यावरचे जुने ख्रिस्ती याच घराण्यातले. व्यापाराच्या वाटेने ते आले आणि रोमला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

जाता जाता: ज्या जरथुष्ट्री धर्माच्या राज्यात या ख्रिस्त्यांचा छळ झाला, त्या धर्माच्या लोकांनाही पुढे इराण सोडून याच किनाऱ्यावर आसरा घ्यावा लागला. कान्हेरीच्या एका लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत.

३. १३२१चं ठाणं

शिलाहारांच्या काळात ठाणं, त्या वेळचं श्रीस्थानक, उत्तर कोकणची राजधानी होतं. परधर्मीय व्यापारी तिथे नवे नव्हते. चिंचणीला सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात तर राष्ट्रकूटांनी संजाणच्या कारभारावर नेमलेला मधुमती, म्हणजे मुहम्मद, नावाचा अरब अधिकारी देवीच्या मठासाठी दान मिळवून देताना दिसतो. या किनाऱ्यावरचे मुसलमान चारशे वर्षं व्यापारी आणि राजाचे नोकर म्हणून राहिले होते. यादवांनी शिलाहारांचं राज्य घेतलं तरी हे चित्र फारसं बदललं नाही. १२९०च्या आसपास मार्को पोलोने ‘ताना’ राज्याची नोंद केली आहे ती कापड, कातडं आणि चाचे यांच्यासाठी. इथल्या राजाचं चाच्यांशी साटंलोटं आहे, असं त्याचं म्हणणं.

बदल झाला तो १३१८च्या सुमारास. दिल्लीच्या खिलजींनी यादवांचं देवगिरीचं राज्य कायमचं बुडवलं आणि किनाऱ्यावर दिल्लीचा अंमल येऊ लागला. दोनच वर्षांत दिल्लीतही उलथापालथ झाली आणि १३२० साली गियासुद्दीन तुघलक तख्तावर बसला. ठाण्यात आता दोन नवे अधिकारी महत्त्वाचे होते. मलिक म्हणजे लष्कर आणि मुलकी कारभार पाहणारा सुभेदार. काझी म्हणजे शरियतप्रमाणे न्याय देणारा. दोघांचीही मुळं गावात रुजलेली नव्हती, आणि ज्या दिल्लीच्या जिवावर त्यांचा अधिकार चालायचा तिथेच वर्षा-दोन वर्षांत धनी बदलत होते.

या गावात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती.

४. चार पाहुणे

१३२१च्या सुरुवातीला इराणच्या आखातातल्या होर्मुझहून एक जहाज निघालं. त्यात फ्रान्सिस्कन संप्रदायाचे चार जण होते: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा, दिमित्री. दिमित्रीला पूर्वेकडच्या भाषा येत आणि दुभाष्याचं काम त्याच्याकडे होतं. सोबत जॉर्डेनस नावाचा फ्रेंच संन्यासी होता, तो डॉमिनिकन संप्रदायातला. त्यांना जायचं होतं कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला. जहाजाने त्यांना आणून टाकलं ठाण्याला.

यातल्या थॉमसबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. तो वयस्कर होता, आणि छळ म्हणजे काय हे त्याला ठाण्याला यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. संन्याशाने खरोखरच काहीही जवळ ठेवू नये, संप्रदायाने मालमत्ता करू नये, असा आग्रह धरणाऱ्या फ्रान्सिस्कनांपैकी तो एक. या आग्रहापायी त्याच्याच संप्रदायाच्या वरिष्ठांनी त्याला इटलीत कित्येक वर्षं कैदेत ठेवलं होतं. सुटका झाल्यावर तो आर्मेनियाला गेला. पुढे चीनमध्ये काम करणाऱ्या मोंतेकोर्विनोच्या जॉनची पत्रं त्याने १३०७ साली पोपच्या दरबारात पोहोचवली. तो भारताकडे यायच्या तीनच वर्षं आधी, १३१८ साली, त्याच्याच मताच्या चार फ्रान्सिस्कनांना मार्सेय शहरात ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या निकालाने जिवंत जाळण्यात आलं. ठाण्याची गोष्ट ‘त्यांनी यांना मारलं’ एवढ्यात उरकणाऱ्यांनी ही बाब विसरू नये.

पाहुणे उतरले त्या पंधरा घरांपैकी एका घरी. जॉर्डेनस किनाऱ्याने उत्तरेकडे, सोपाऱ्याच्या वाटेने, तिथल्या ख्रिस्ती वस्त्यांना भेटायला गेला. चौघे ठाण्यातच राहिले.

५. तक्रार एकाची, चौकशी दुसऱ्याची

पुढे जे झालं ते आपल्याला मुख्यतः ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाकडून कळतं. तो घटनेनंतर थोड्याच काळात ठाण्याला आला होता.

ज्या घरी पाहुणे उतरले होते तिथे नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्याने बायकोला मारलं. बाई उठली आणि काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं काझीने विचारलं. घरी फिरंगी संन्यासी उतरले आहेत, त्यांनी पाहिलंय, असं तिने सांगितलं. सोसायटीत जिन्यातल्या भांडणाची तक्रार पोलीस चौकीत जावी आणि चौकीत भांडण राहिलं बाजूला, भाडेकरूची कागदपत्रं तपासायला सुरुवात व्हावी, तसं झालं. काझीजवळ अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसलेला होता. हे फिरंगी विद्वान असतात, बोलावून घ्या, त्यांच्याशी धर्मावर बोलू, असं त्याने सुचवलं. बाईच्या तक्रारीचं काय झालं, याचा पुढे कोणी उल्लेखही करत नाही.

थॉमस, जेम्स आणि दिमित्री काझीकडे गेले. सामान राखायला पीटर घरी थांबला. वाद सुरू झाला तो येशू देव की माणूस यावर. हा वाद शेकडो वर्षं अनेक दरबारांत झाला होता आणि बहुतेक वेळा त्यातून कोणाला इजा झाली नव्हती. मग त्यांना प्रेषित मुहम्मदांबद्दल मत विचारलं गेलं. सुरुवातीला थॉमसने उत्तर आडवळणाने दिलं. पुन्हा पुन्हा खोदून विचारल्यावर त्याने अत्यंत कडवट, निंदेचे शब्द वापरले.

इथे वाचकाला वाटेल, कशाला बोलला? दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. त्या राजवटीच्या कायद्यात प्रेषितांच्या निंदेला देहदंड होता, आणि प्रश्न विचारणाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं. दुसरीकडे फ्रान्सिस्कनांच्या मनात श्रद्धेसाठी मरण येणं हे भाग्य होतं. १२२० साली मोरोक्कोत त्यांच्या पाच बंधूंना असंच मरण आलं होतं आणि त्यांची गोष्ट प्रत्येक नवशिक्याला सांगितली जायची. अशा मरणाला आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती ‘रक्तसाक्ष’ म्हणतात. दोन्हीकडचे लोक असे तयारीने समोरासमोर आल्यावर वाद तडजोडीवर संपणं कठीणच होतं. तरीही बोलणं आणि मारणं एका मापाने मोजता येत नाही. शब्द कितीही कडवट असले तरी हत्येची जबाबदारी मारणाऱ्याचीच राहते.

तिघांना बांधून उन्हात ठेवलं. एप्रिलमधलं ठाण्याचं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला ही शिक्षा किरकोळ वाटणार नाही. मग मैदानात मोठा जाळ केला आणि जेम्सला त्यात ढकललं. ओदोरिक म्हणतो की दोनदा ढकलूनही तो भाजला नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. मलिकने हे पाहिलं आणि, ओदोरिकच्या सांगण्यानुसार, या माणसांत काही दोष नाही असं म्हणून त्यांना सोडून दिलं. गावात राहू नका, असं बजावून खाडीपलीकडे एका हिंदूच्या घरी त्यांची रवानगी केली. आजच्या नकाशावर कळव्याचा काठ डोळ्यांपुढे येतो.

म्हणजे दिवसा सुटका झाली होती. रात्री काझी मलिककडे गेला. हे जिवंत राहिले तर लोक त्यांच्या मागे जातील, आपला धर्म बुडेल, असं त्याने पटवलं. मलिकने चार हत्यारबंद माणसं पाठवली. त्यांनी तिघांना घराबाहेर काढून एका झाडाखाली मारलं. पीटर घरीच राहिलेला होता. तो पुढे सापडला. धर्म बदल म्हणून त्याला आमिषं दाखवली, यातना दिल्या, झाडाला टांगलं आणि शेवटी तोडलं.

मला या सगळ्यात मलिकचं वागणं सर्वांत बोलकं वाटतं. त्याला स्वतःला या चौघांचा राग नव्हता. जमावासमोर त्याने त्यांना सोडलं आणि अंधारात मारायला माणसं पाठवली. धर्मद्वेष काझीपाशी होता, अलेक्झांड्रियाच्या पाहुण्यापाशी होता, चिडलेल्या जमावापाशी होता. पण तलवार मलिकच्या हाती होती, आणि तो नाही म्हणाला असता तर चौघे चीनच्या वाटेला लागले असते. तो नाही म्हणाला नाही, कारण धर्माच्या बाबतीत ढिला असल्याचा ठपका नव्या सुभेदाराला परवडणारा नव्हता.

६. तारीख कशी काढायची?

जुन्या नोंदींत दिवस सांगायची पद्धत वेगळी. तिघांचं मरण ‘झावळ्यांच्या रविवाराआधीच्या गुरुवारी’ झालं, असं म्हटलं जातं. झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. ईस्टर चंद्रावर ठरतो, त्यामुळे दरवर्षी तारीख बदलते. १३२१ साली ईस्टर १९ एप्रिलला होता. एक आठवडा मागे जा: १२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. त्याआधीचा गुरुवार: ९ एप्रिल. पीटर त्यानंतर दोन दिवसांनी, शनिवारी, ११ एप्रिलला.

पण काही जुन्या याद्यांत १ एप्रिल ही तारीख आढळते. ती कुठून आली असेल? १३२२ साठी हेच गणित करून पाहू. त्या वर्षी ईस्टर ११ एप्रिलला, झावळ्यांचा रविवार ४ एप्रिलला, आणि त्याआधीचा गुरुवार बरोबर १ एप्रिल. घटना १३२२ची धरली की तारीख आपोआप सरकते. यातलं खरं साल कोणतं, हे जॉर्डेनसच्या एका पत्रावरून ठरतं. गुजरातच्या किनाऱ्यावरून त्याने लिहिलेल्या पत्राची तारीख १२ ऑक्टोबर १३२१ आहे, आणि त्यात चौघांच्या मृत्यूची हकीकत आहे. तेव्हा ९ एप्रिल १३२१.

७. सांगणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा?

ओदोरिक ठाण्याबद्दल असंही सांगतो की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. घूस पाहिलेला ठाणेकर हसेल, पण त्याला थापाड्या म्हणणार नाही. ओदोरिकचं एकंदर असंच आहे: मुळात काहीतरी पाहिलेलं असतं, मग ते फुगतं. त्याने आपला प्रवास १३३० साली, इटलीत परतल्यावर, दुसऱ्याला सांगून लिहून घेतला. आगीत न जळलेला संन्यासी हा अशा संतचरित्रांत पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग आहे आणि तो मी इतिहास म्हणून सांगणार नाही. पण नवरा-बायकोचं भांडण, सामान राखायला मागे राहिलेला पीटर, मलिकची चलबिचल हे तपशील भक्तीच्या गोष्टीला शोभा आणत नाहीत. कोणी मुद्दाम रचायला बसलं असतं तर रक्तसाक्षीची सुरुवात मारकुट्या नवऱ्यापासून केली नसती.

शिवाय जॉर्डेनस आहे. बातमी कळताच तो परतला, ठाण्यातल्या एका तरुण जिनोव्हा-वासी व्यापाऱ्याच्या मदतीने त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या चर्चमध्ये पुरले. त्यानंतरही तो याच भागात एकटा राहिला, आजारपण आणि कैद सोसत. १३२९ साली पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. भारतातल्या नवलांवर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फणस आहे, आंबा आहे, नारळ आहे, पारशांची अंत्यविधीची रीत आहे. आणि एक वाक्य असं आहे की ते चौघांच्या हत्येशेजारी ठेवून वाचायला हवं. मुलतानकडून आलेल्या तुर्कांनी या देशाचं राज्य बळकावलं, मूर्तिपूजकांची असंख्य देवळं पाडली आणि पुष्कळ चर्चही मशिदी करून टाकली, अशा अर्थाचं ते आहे. घाव एकाच समाजावर पडत नव्हता, हे खुद्द बळी गेलेल्यांच्या सोबत्यानेच नोंदवलं आहे. स्थानिक जुन्या ख्रिस्त्यांबद्दल मात्र त्याने नाकच मुरडलं: यांना धर्माचं काही कळत नाही, हे संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात. ज्या घरांनी आसरा दिला त्यांच्यासारख्यांबद्दल हे लिहावं, याचं मला वाईट वाटतं.

८. मलिक, काझी आणि हाडं

ओदोरिकच्या मते मलिकला स्वप्नात चौघे तलवारी घेऊन दिसले. घाबरून त्याने ख्रिस्त्यांना कोणी त्रास देऊ नये असा हुकूम काढला आणि चौघांच्या नावाने चार मशिदी बांधल्या. (हा तपशील मला फार आवडतो. मारलेल्या संन्याशांच्या स्मरणार्थ मशिदी!) पण बातमी दिल्लीला गेली होती. सुलतानाने मलिकला बोलावून घेतलं आणि कुटुंबासह ठार केलं. काझी पळून गेला. ही हकीकतही ओदोरिकचीच. दिल्लीला चार फिरंग्यांचा एवढा कळवळा आला असेल असं मला वाटत नाही. नव्या सुलतानाला जुन्या राजवटीचा सुभेदार हटवायला कारण हवं असणं जास्त पटतं.

ओदोरिकने सोपाऱ्याहून हाडं उकरून घेतली आणि जहाजाने चीनमधल्या झैतून बंदरात, आजच्या चुआनचौ शहरात, फ्रान्सिस्कनांच्या मठात नेली. वाटेत वारा पडला तेव्हा त्यातलं एक हाड गुपचूप समुद्रात टाकलं आणि वारा सुटला, असंही तो सांगतो. थॉमसचं शिर पुढे इटलीत तोलेंतिनोला पोहोचलं. १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी थॉमसच्या उपासनेला रीतसर मान्यता दिली. त्याचा स्मृतिदिन ९ एप्रिलला असतो.

९. मग पोर्तुगीज आले, मग मराठे

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि साष्टी बेटासह ठाणंही त्यांच्याकडे गेलं. आता तलवार ख्रिस्ती सत्तेच्या हाती होती. देवळं पडली, मशिदी पडल्या. हिंदूंच्या उघड धर्मविधींवर बंदी आली. १५५९च्या फर्मानाने अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करायची सोय झाली. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसलं आणि त्याचा हात उत्तरेकडे वसईपर्यंत पोहोचत होता. बाप्तिस्मा घेतलेल्यांवर या न्यायालयाची नजर खास असे. घरात जुने सणवार पाळणारा नवख्रिस्ती त्याच्या तावडीत सापडायचा. ख्रिस्ती लोकांना ख्रिस्ती सत्तेनेच छळलं, अशी ही आणखी एक गोष्ट.

या जाचाला कंटाळून भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला (तोच आजचा मध्यवर्ती तुरुंग) आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई. मग इथल्या ख्रिस्त्यांचं काय झालं? युरोपियन पाद्री सैन्याबरोबर निघून गेले, मठ ओस पडले, चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या, कित्येक चर्च मोडकळीला आली. हे नुकसान खरंच होतं. पण शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रयतेच्या उपासनेला मोकळीक होती, आणि ती कागदावरच राहिली नाही. १७६० साली आंकेतील द्युपेरों हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरत होता. ठाण्याच्या चर्चमध्ये मोठा सण चालू असलेला त्याने पाहिला. हजारो ख्रिस्ती जमले होते, देशी पाद्री विधी करत होते आणि मराठी अंमलदारांची आडकाठी नव्हती. त्याच वर्षी मासुंदा तलावाकाठी सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी कौपिनेश्वराचं देऊळ नव्याने बांधलं.

पाडापाडीच्या बदल्याला पाडापाडीच होते, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे साल लक्षात ठेवावं. मराठ्यांना पोर्तुगिजांचं राज्य नको होतं. साष्टीतला आगरी, कोळी, कुणबी ख्रिस्ती मात्र त्यांना शेतसारा देणारी रयत म्हणून हवाच होता. समुद्रापलीकडचा राजा गेल्यावर हे लोक कोणाचे हस्तक उरले नाहीत. शापूरने इराणी ख्रिस्त्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने पाहायचं कारणच संपलं होतं.

१०. मलिक नसतानाचा छळ

इंग्रजी अमदानीत सरकार धर्मासाठी कोणाला मारत नव्हतं. तरी धर्म बदलणाऱ्याला सोसावं लागलंच. हा छळ घरात आणि जातीत झाला, त्याला काझी लागला नाही.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा बारा-एक वर्षांचा होता आणि मिशनऱ्यांच्या घरी राहत, जेवत होता. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. पण घरी आलेल्या मुलाला जात घेईना, कारण तो मिशनऱ्यांकडे जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू लढवली, तर सनातन्यांनी बाळशास्त्र्यांनाच धारेवर धरलं. बाप्तिस्माही न घेतलेल्या पोराची ही गत. घेतलेल्याची काय असेल? वारसाहक्क गेला, बायको-मुलं दुरावली, विहिरीचं पाणी बंद झालं. यातल्या एका अन्यायावर सरकारने बोट ठेवलं: १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क शाबूत राहिला. बाकीच्या गोष्टी कायद्याच्या आवाक्यातल्या नव्हत्या.

त्या बाकीच्या गोष्टी कशा होत्या हे कवी नारायण वामन टिळकांच्या घरात दिसतं. त्यांचं प्राथमिक शिक्षण आपल्या कल्याणलाच झालं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरावर वीज कोसळली. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. त्या काळात झालेली तगमग, लोकांची बोलणी, विटाळाची भीती हे सगळं त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं, तेही स्वतःवर हसत. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे अहमदनगरला परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. एकाच संसारात त्यांनी आपलं सोवळं, आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवलं, आणि टिळकांनी ते ठेवू दिलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर.